रेंज आहे तोवर

कोकणाची अर्थव्यवस्था मनिऑर्डरवर चालते, असं म्हणायची एके काळी रीतच होती, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत लागलेला चाकरमानी पगार झाला की पोस्टात रांग लावायचा. पैसे काही दिवसांनी संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या वाड्यांवर पोचायचे. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजायचा, अंगठा घ्यायचा आणि फॉर्मच्या तळाशी मुलाने खरडलेल्या दोन ओळी आईला वाचून दाखवायचा. 1880 साली सुरू झालेली ही सेवा टपाल खात्याने 2015 मध्ये तिच्या जुन्या रूपात बंद केली. आता त्या चाकरमान्याचा नातू नालासोपाऱ्याहून लोकलमध्ये उभ्या उभ्या पैसे पाठवतो, आणि ‘आले का?’ असं विचारेपर्यंत ते आलेले असतात.

सोय झाली, यात वाद नाही. पण पोस्टमन तापाने झोपला तर फक्त मनिऑर्डर उशिरा यायची. त्यामुळे एसटीचं तिकीट अडायचं नाही, तलाठ्याकडचा सातबारा थांबायचा नाही, बँकेचं पासबुक भरायचं राहायचं नाही. प्रत्येक कामाचा माणूस वेगळा, खिडकी वेगळी आणि खोळंबाही वेगळा. आज या सगळ्या खिडक्या एका काचेत आल्या आहेत. पैसे, ओळखपत्र, जमिनीचा उतारा, रेल्वेचं तिकीट, हवामानाचा इशारा, रस्ता, बॅटरी, सगळं तिथेच. म्हणजे खोळंबाही एकगठ्ठाच.

मोबाईलच्या नादाबद्दल लोक भरभरून लिहितात. त्याबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. सत्तरीची आजी काही रील बघायला फोन घेत नाही (हल्ली बघतात, ते सोडा). पेन्शनचा ओटीपी येतो म्हणून घेते. तिची फोनवरची भिस्त म्हणजे सवय नव्हे, लादलेली गरज आहे. रत्नागिरीसारख्या डोंगर-खाडीच्या आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात ही गरज नेमकी कशावर टेकलेली आहे, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात मासळीपासून करू. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी लिलाव उरकला की किरकोळ विक्रीच्या पाट्या मांडल्या जातात. ‘स्कॅनर आहे का?’ असं गिऱ्हाईक विचारतं आणि बाई पाटीच्या कडेला अडकवलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड उलटं करून दाखवते. त्यावर दोन-तीन खवले चिकटलेले, एक कोपरा खाऱ्या पाण्याने फुगलेला. तरीही फोन पुढे धरला की क्षणात नाव येतं. हा क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या चमूने 1994 मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. कारखान्यात तेल लागणार, ओरखडे पडणार, हे धरूनच तो आखला होता. त्यात मूळ मजकुरासोबत जास्तीची गणिती माहिती भरलेली असते, आणि कोड कोणत्या पातळीचा छापला आहे त्यानुसार 7 ते 30 टक्के भाग गेला तरी उरलेल्या ठिपक्यांवरून हरवलेला मजकूर परत बांधता येतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कोड कोणत्या बाजूने धरला आहे ते सांगतात. म्हणून बाईने कार्ड उलटं धरलं तरी चालतं.

त्या कार्डात पैसे नसतात, फोनही नसतो. तो फक्त छापील पत्ता असतो. विकणारीचा फोन घरी चार्जिंगला असला, अगदी बंद असला, तरी पैसे तिच्या खात्यात जातात. सगळा भार विकत घेणाऱ्याच्या फोनवर. त्याचं नेट चालायला हवं, त्याच्या बँकेचं यंत्र जागं हवं, मग निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मधल्या यंत्रणेतून तिच्या बँकेत जातो आणि दोन्ही खात्यांत नोंद होते. बँका आपसातला हिशेब नंतर, दिवसातल्या ठरलेल्या फेऱ्यांत मिटवतात. एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेल्या या यूपीआयवर ऑगस्ट 2025 या एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. विकणारीला मात्र पैसे आले हे कळायचं कसं? गिऱ्हाईक दाखवतं तो हिरवा टिक खोटाही असू शकतो. म्हणून बोलणारा डबा आला, ज्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. गर्दीच्या वेळी रेंज अडखळली की डबा गप्प, गिऱ्हाईक ‘गेले, गेले’ म्हणतंय आणि बाई सुरमईची पिशवी हातातून सोडत नाही. बरोबरच आहे तिचं.

मासळी आणि फोन यांचं नातं स्मार्टफोनच्याही आधीचं आहे. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर 1997 पासून टप्प्याटप्प्याने मोबाईल आले, तेव्हा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तारलीच्या बाजारांचा पाच वर्षं अभ्यास केला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. फोन येण्याआधी एका बंदरावर मासळी पडून फेकली जायची आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं, कारण होडीवाल्याला कुठे काय भाव आहे ते कळायला वाट नव्हती. फोन आल्यावर रोजच्या मासळीपैकी 5 ते 8 टक्क्यांची नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला पडणारा भाव 4 टक्क्यांनी उतरला. दोन्ही बाजूंना फायदा, अशी उदाहरणं अर्थशास्त्रात फार सापडत नाहीत. ते साधे बटणाचे फोन होते, हे लक्षात ठेवायला हवं.

आता रेंजकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याचे सपाट सडे आहेत आणि त्यांना कापत गेलेली शास्त्री, काजळी, मुचकुंदीची खोल खोरी. टॉवर सड्यावर किंवा हमरस्त्याच्या कडेला उभा राहतो. वाड्या उताराखाली, पाण्याच्या जवळ, माडा-पोफळींत दडलेल्या. रेडिओलहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि जांभ्याचा डोंगर त्यांना आरपार जाऊ देत नाही. डोंगराच्या कडेवरून त्या थोड्या वाकतात खऱ्या, पण किती, ते लहरीच्या लांबीवर ठरतं. 700 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली लहर साधारण 43 सेंटीमीटर लांब असते. 2300 मेगाहर्ट्‌झची 13. लांब लहर जास्त वाकते आणि झाडांतूनही जास्त पुढे जाते, आखूड लहर जास्त माहिती वाहते पण लवकर दमते. म्हणून फाइव्ह-जीचा झगमगाट शहराच्या नाक्यावर, आणि खालच्या वाडीत फोनच्या कोपऱ्यात एक काडी, तीही येऊन-जाऊन. प्रत्येक गावात रेंज मिळण्याची जागा ठरलेली असते: देवळामागचा कातळ, शाळेची गच्ची, एखादं काजूचं झाड. 2020 च्या टाळेबंदीत शेजारच्या सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावात पशुवैद्यकीय शिकणाऱ्या एका मुलीला डोंगरावर झोपडी बांधून भर पावसात तिथे ऑनलाइन वर्गाला बसावं लागलं होतं. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण ती बातमी मुळात टॉवरची होती.

पाऊस आला की रेंज जाते, हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य अर्धंच खरं आहे. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या पावसाने फारसं बिघडत नाही. हातभर किंवा वीतभर लांबीच्या लहरीला थेंब किरकोळ वाटतो. अडचण टॉवरच्या पाठीमागे असते. टॉवरला पुढे जोडणारी वाट एक तर जमिनीतली फायबरची तार असते, नाहीतर एका टॉवरवरून दुसऱ्यावर रोखलेली मायक्रोवेव्हची तबकडी. त्या तबकड्यांच्या लहरी दोनेक सेंटीमीटर किंवा त्याहूनही आखूड. त्यांना मोठा थेंब चांगलाच अडवतो, आणि कोकणातल्या जुलैच्या सरी म्हणजे थेंबांचा पडदाच. फायबर असेल तर तिला पावसाची भीती नाही, जेसीबीची आहे. आणि या दोन्हींच्या आधी वीज. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी काही तासांत संपते, मग डिझेलचा जनरेटर. तुमच्या फोनमध्ये ऐंशी टक्के चार्ज असला तरी टॉवरचं डिझेल संपलं की तो फोन म्हणजे एक घड्याळ आणि एक बॅटरी, इतकंच.

याचा अनुभव जिल्ह्याने दोनदा घेतला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडची घरं, बागा, विजेचे खांब आडवे झाले. रस्त्यावर झाडं पडलेली, त्यामुळे टॉवरपर्यंत डिझेल नेणारी गाडी पोचत नव्हती. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. मुंबईतल्या मुलाबाळांना गावाकडचं माणूस जिवंत आहे की नाही हेही कळेना, कारण बाकीच्या वाटा आपण आधीच मोडीत काढल्या होत्या. तार 2013 मध्येच बंद झाली होती आणि घरचे लँडलाइन लोकांनी केव्हाच परत दिले होते. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं. वीज गेली, फोन गेले. त्या दिवशी एसटीच्या चिपळूण आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड उराशी धरून कित्येक तास बसच्या टपावर बसून होते, ही गोष्ट राज्यभर गाजली. रोख पैसा बुडतो, भिजतो, तो धरून बसावं लागतं. खात्यातला पैसा बुडत नाही. मात्र पाणी ओसरल्यावर मेणबत्ती आणि पाण्याची बाटली घ्यायला कोणता पैसा चालला, हे चिपळूणकरांना विचारावं.

या अनुभवांतून काही शहाणपण आलं, हे मान्य करायला हवं. 20 जुलै 2023 रोजी देशभर अनेकांचे फोन एकाएकी कर्कश वाजले आणि पडद्यावर आणीबाणीच्या इशाऱ्याची चाचणी झळकली. लोक घाबरले, फोन हॅक झाला म्हणाले. ती सेल ब्रॉडकास्टची तालीम होती. एसएमएस एकेका नंबरला रांगेने जातो, लाखो लोकांना पाठवायचा तर तासही लागू शकतात. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टापूतले सगळे फोन ते एकाच वेळी ऐकतात. नंबर कुणाचा, रिचार्ज आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजा कुठे पडताहेत ते दाखवतं. भात कापणीच्या दिवसांत संध्याकाळी ढग गडगडू लागले की शेतावर असलेल्या माणसाला त्याचा खरोखरच उपयोग होतो, रेंज असेल तर.

रेंजशिवाय चालणारी एक गोष्ट फोनमध्ये आहे, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार. जीपीएसला नेट लागत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह अखंडपणे आपापली वेळ सांगत फिरत असतात. फोन नुसता ऐकतो. निदान चार उपग्रहांचे निरोप पोचायला किती उशीर झाला त्यावरून तो आपली जागा काढतो. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तर जागेत तीनशे मीटरचा फरक पडतो, म्हणून त्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. आंबा घाटात नकाशा कोरा पडतो आणि त्या कोऱ्या कागदावर तुमचा निळा ठिपका मात्र शहाण्यासारखा पुढे सरकत राहतो, त्याचं कारण हे: ठिपका उपग्रहांकडून येतो, नकाशा नेटवरून. नकाशा घरीच उतरवून ठेवला तर घाटातही दिसतो. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात मात्र, जो साडेसहा किलोमीटर लांब आहे, ठिपकाही थांबतो आणि चाललेला कॉलही.

समुद्रावर हा फरक जिवाशी येतो. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेलं की मोबाईलची रेंज संपते. जाळी त्याच्या कितीतरी पुढे पडतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांनी मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासे कुठे जमण्याची शक्यता आहे ते सांगते: कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोल पाण्यात. ढगाळ हवेत उपग्रहाला पाणी नीट दिसत नाही, त्या दिवशी सल्लाही नाही. हे बंदर सोडायच्या आत बघून घ्यावं लागतं. पण वादळाचा इशारा होडी निघाल्यावर आला तर? 2017 च्या ओखी वादळात हेच झालं. दक्षिणेकडच्या शेकडो होड्या खोल समुद्रात होत्या आणि त्यांना सांगायला माध्यम नव्हतं. केरळ-तामिळनाडूच्या कित्येक नौका शेवटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्यानंतर ऑक्टोबर 2019 मध्ये ‘जेमिनी’ नावाचा छोटा डबा आला. तो थेट उपग्रहाकडून निरोप घेतो आणि ब्लूटूथने तांडेलाच्या फोनवर मराठीसह इतर भाषांत दाखवतो. ऐकू येतं, उलट बोलता येत नाही. उलट बोलायचीही सोय असलेली ट्रान्सपाँडरची योजना 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये जाहीर झाली, एक लाख नौकांसाठी. इथे फोन नुसता पडदा आहे, आणि मला वाटतं, फोनवरची सगळ्यात शहाणी भिस्त हीच: दाखवायचं काम त्याचं, निरोप आणायचं काम दुसऱ्याचं.

जमिनीवर सरकारने अगदी उलटा रस्ता धरला. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आधी तलाठी शेतात, किंवा शेताच्या आठवणीत, जाऊन गाव नमुना बारामध्ये पीक लिहायचा. आता शेतकऱ्याने गट नंबरात उभं राहून ॲपमधून फोटो काढायचा. कल्पना उत्तम आहे. आपल्या पिकाची नोंद आपण करावी, यात मानही आहे. पण कोकणातला सातबारा उघडून पाहा. एका गटावर पंचवीस सहहिस्सेदार, त्यातले अठरा मुंबईत, चार वारलेले, आणि झाडं राखणारा काका सत्तरीचा, बटणाचा फोन वापरणारा. कलमांची बाग उतारावर, रेंज सड्यावर. मग गावातला एखादा बारावीचा पोरगा पूर्ण वाडीचे फोटो काढत फिरतो. आंबा-काजूच्या विम्याच्या वेळी ही नोंद विचारली जाते, त्यामुळे त्या पोराला हल्ली तलाठ्याइतकाच भाव आहे.

आणि ओटीपी. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी आणि पुन्हा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा. नवरा बोटीवर, किंवा आधारला जोडलेला नंबर रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडलेला. ज्यांचे नवरे आणि वडील दोघेही हयात नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तर योजना आखणाऱ्यांना नंतर सुचला. रेल्वेच्या तत्काळ तिकिटालाही 2025 मध्ये ओटीपी आला, आधी ऑनलाइन, आधारशी जोडलेला, मग हळूहळू खिडकीवरही. गणपतीला गावी यायचं तिकीट फोनवर मिनिटांत संपतं म्हणून जो पहाटेपासून खिडकीपाशी उभा राहतो, त्यालाही खिशात फोन हवाच.

फोन हरवला की या सगळ्याची गाठ एकदम पडते. आधी पोलिसांत तक्रार, मग कंपनीच्या गॅलरीत आधार आणि अंगठा देऊन तोच नंबर असलेलं नवं सिम. त्यानंतर केंद्राच्या ‘संचार साथी’वर, फोनचा पंधरा आकडी आयएमईआय देऊन तो हँडसेट देशभर बंद पाडता येतो. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, किंवा फोन हातात असतानाच *#06# दाबून वहीत लिहून ठेवायचा. खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 वर, जितक्या लवकर तितकं बरं. पण नवं सिम चालू झालं तरी पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून खाती लुटणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो नियम आहे आणि तो योग्यच आहे. मात्र एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि यूपीआयचं ॲप नव्या फोनवर सुरू करताना तेही आधी आपल्या सिमवरून एक एसएमएस पाठवून खात्री करतं, म्हणजे तेही नाही. ते सुरू झाल्यावर पुन्हा पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांचीच मर्यादा. तोवर रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरून गावी जायचं भाडं रोखीत, चहा रोखीत, मासळी रोखीत. आणि फोन शनिवारी रात्री गेला असेल तर हे चोवीस तास गॅलरी उघडेल त्या दिवसापासून मोजायचे.